जात्याची घरघर आणि ७५ किलोहर्ट्झ

मावशींचा फोन श्रावणात आला. सकाळचा ओव्यांचा कार्यक्रम नुकताच संपला होता आणि मी ट्रान्समीटरच्या खोलीत पंख्याची जाळी पुसत होते. स्टुडिओतल्या पोरीनं फोन माझ्याकडेच दिला, कारण मावशींना 'मशीनवाल्या बाईशी' बोलायचं होतं.

"बाई, तुमचा रेडू आताशा लई मोठ्यानं बोलायलाय. पण काय बोलायलाय ते कळंना गेलंय. आन् माझ्या ओवीत जातंच जास्ती वाजायलंय. मी कुठंय त्यात?"

त्या दिवशी त्यांच्याच ओव्या लागल्या होत्या. मीच त्यांच्या ओसरीवर बसून, चादरीची घडी करून तिच्यावर रेकॉर्डर ठेवून, पहाटे साडेपाचला त्या रेकॉर्ड केल्या होत्या. जातं मागे आणि आवाज पुढे, अगदी जसा ऐकू येतो तसा. मूळ फाईल मी पुन्हा लावून पाहिली, तीत काहीच खोट नव्हती. मग इमारतीबाहेर गेले, चहाच्या गाडीवरच्या छोट्या रेडिओला कान लावला आणि दुपारच्या पुनःप्रसारणात तीच ओवी ऐकली. मावशी श्वास घ्यायला थांबल्या की त्या अर्ध्या सेकंदात जात्याची घरघर वर उसळायची, आणि पुढची ओळ सुरू झाली की दाबली जायची. ओळ, घरघर, ओळ, घरघर. बाई गातेय आणि कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवतंय-काढतंय, असं वाटत होतं. आणि हे मी केलं होतं.

बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका तालुक्याच्या गावात आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. ५० वॅटचा ट्रान्समीटर, गच्चीवर मनोरा, सकाळी सहा ते रात्री दहा प्रसारण. मी ई अँड टीसीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचारचा, डिप्लोमा केला आणि गेली नऊ वर्षं हे यंत्र सांभाळते. पण आवाजाचं पहिलं शिक्षण घरचं. आमच्या आप्पांचा मंडप-लाउडस्पीकरचा धंदा होता. अहुजाचे ॲम्प्लिफायर, भोंगे, वायरींची भेंडोळी आणि एक छकडा. सप्त्याला चार-पाचशे माणूस बसलं तरी शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्याला महाराजांचा शब्द न् शब्द कळला पाहिजे, हा त्यांचा नेम. कुणी म्हटलं, आवाज वाढवा, तर ते बटणाला हात लावायचे नाहीत. उठून मागच्या लिंबाला आणखी एक भोंगा बांधायचे. "बटण पिळलं की भोंगा फाटतो आन् माणूस उठून जातो," असं म्हणायचे.

मनोऱ्याला मात्र दुसरा भोंगा बांधता येत नाही. सामुदायिक केंद्राला प्रभावी प्रसारणशक्ती साधारण १०० वॅटपर्यंत आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत, अशी मर्यादा आहे. त्या मर्यादेत जे काय ऐकवायचं ते ऐकवायचं. त्यामुळे दीड वर्षापूर्वी आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठांनी तक्रार केली, की जीपमध्ये सुई फिरवताना शहरातलं स्टेशन दणक्यात लागतं आणि आपलं बारीक वाटतं, तेव्हा मी बटणच पिळलं. त्याच सुमारास कॉम्प्युटर बदलला होता, नव्यावर आवाज घडवणारं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यातला एक तयार साचा निवडला, ड्राइव्ह, म्हणजे त्यात सोडायचा आवाज, वाढवला, एक्सायटरवरची, म्हणजे आवाज रेडिओलहरीवर चढवणाऱ्या यंत्रावरची, दिव्यांची पट्टी जवळजवळ सतत शंभराला चिकटलेली दिसली, आणि मी समाधानानं घरी गेले. जीपमध्ये आवाज मोठा आला. समिती खूश. मावशींचा फोन यायला वर्ष लागलं. मधल्या काळात किती जणांनी न बोलता रेडिओ बंद केला असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

आता हे नेमकं काय होतं ते सांगते. आमच्यासारख्या लहान केंद्रांवर काम करणाऱ्या पोरापोरींना हे कुणी बसून समजावत नाही. मलाही कुणी समजावलं नव्हतं.

एफएममध्ये आवाज वाढला की ट्रान्समीटरची ताकद वाढत नाही. निवेदक गप्प असो की ओरडत असो, वॅटमीटरचा काटा जागचा हलत नाही. एडविन आर्मस्ट्राँगनं १९३३ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीचं मर्मच ते आहे: लहरीची उंची तशीच ठेवायची आणि तिची वारंवारता आवाजाबरोबर मागेपुढे झुलवायची. आवाज जितका मोठा तितका झोका मोठा. झोक्याची ठरलेली हद्द मध्यापासून दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झ. तेवढा झोका म्हणजे १०० टक्के मॉड्युलेशन. आमच्याकडे येणारे पाहुणे वॅटमीटरकडे बघून "आवाज चांगला जातोय का?" असं विचारतात. त्या काट्याला आवाजातलं काहीच कळत नाही.

झोका ७५च्या पलीकडे गेला तर काय होतं? ट्रान्समीटर काही तक्रार करत नाही, तो बिचारा ९० काय, १०० काय, झुलत राहतो. तक्रार होते ती समोरच्या रेडिओत. प्रत्येक रेडिओत एक अरुंद फिल्टर असतो. तो शेजारचं स्टेशन बाहेर ठेवतो आणि आपल्या स्टेशनाला ठराविक रुंदीचा दरवाजा देतो. झोका त्या दरवाज्याच्या चौकटीला आपटला की शब्द फाटतो. सगळ्यात आधी फाटतात ते 'स', 'श', 'च', 'छ'. गावात, मनोऱ्याखाली, हे फारसं जाणवत नाही. दहा किलोमीटरवरच्या वस्तीवर, जिथे लहर आधीच क्षीण झालेली असते, तिथे प्रत्येक 'स'बरोबर कापड फाटल्यासारखा आवाज येतो.

मग ५० टक्क्यांवर ठेवून निवांत बसावं का? तेही नाही. झोका निम्मा केला की खरखरीच्या तुलनेत आवाज ६ डेसिबलनं खाली येतो. कडेच्या गावात तेवढ्यानं बातमी खरखरीत बुडते. म्हणजे हद्दीच्या जवळ राहायचं आणि ती ओलांडायची नाही. विहिरीच्या काठावरून मोट सोडण्यासारखं हे काम आहे, आणि लिमिटर, म्हणजे हद्दीवर जाणारी आवाजाची टोकं दाबणारा, असतो तो एवढ्याचसाठी. लिमिटर हा काठावरचा कठडा आहे, चालताना सतत त्याला रेलायचं नसतं. मी वर्षभर सगळ्यांना त्या कठड्यावर रेलून चालवलं होतं.

फोननंतर त्याच रात्री मी कागद घेऊन आवाजाची पूर्ण वाट काढली. माइक, मिक्सर, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, तिथून केबलनं वरच्या खोलीत, एक्सायटर, ॲम्प्लिफायर, अँटेना. त्या वाटेवर मला एकामागे एक तीन लिमिटर सापडले. मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर एक, जो कुणीतरी कधीतरी चालू करून ठेवला होता. सॉफ्टवेअरमध्ये दुसरा. आणि एक्सायटरच्या पोटात तिसरा, कारखान्यातून येतानाच चालू. तिघेही आपापल्या परीनं आवाज दाबत होते. पहिल्यानं दाबलेला आवाज सॉफ्टवेअर परत फुगवायचं, मग दुसरा दाबायचा, मग तिसरा छाटायचा. सॉफ्टवेअरमधला आकडा साध्या बोलण्यालासुद्धा १२ डेसिबल दाब दाखवत होता.

पण खरी चूक पुढे होती. मेन्यूत खोल गेल्यावर प्रीएम्फसिसचं पान उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

प्रीएम्फसिस म्हणजे काय, ते आप्पांना मी एकदा असं सांगितलं होतं: एफएममध्ये खरखर वरच्या पट्टीत जास्त असते. म्हणून पाठवताना वरची पट्टी मुद्दाम चढवून पाठवायची आणि रेडिओनं ती तेवढीच उतरवून ऐकवायची. उतरवताना खरखरही उतरते. किती चढवायचं त्याचा करार ठरलेला आहे. आपल्याकडे ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. पन्नासाच्या करारात साधारण ३ किलोहर्ट्झपासून चढण लागते, ५ किलोहर्ट्झला साडेपाच डेसिबलच्या आसपास, १० किलोहर्ट्झला दहाच्या थोडं वर, आणि १५ किलोहर्ट्झला साडेतेराच्या थोडं वर. मूळ आवाजात 'स' लहानसाच असतो, पण या चढणीवर तो उंच होतो. लिमिटरला सगळ्यात जास्त पळायला लावतात ते ढोल नव्हेत. टाळ, झांज, पैंजण, बायकांच्या बांगड्या आणि 'स'.

आमच्याकडे सॉफ्टवेअरनं ५० मायक्रोसेकंदांची चढण चढवली होती आणि एक्सायटरनं तिच्यावर आणखी एकदा ५०ची. दोनदा. रेडिओ मात्र एकदाच उतरवत होता. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात १० किलोहर्ट्झची पट्टी दहा डेसिबल जास्त पोचत होती. शिवाय सॉफ्टवेअरनं जपून छाटलेली टोकं एक्सायटरमधल्या दुसऱ्या चढणीवर पुन्हा वर यायची आणि शेवटचा लिमिटर ती कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी तोडायचा. 'शेतकरी बंधू-भगिनींनो' मधला 'शे' दर वेळी तसाच जात होता. वर्षभर.

हे वाचणाऱ्या कुणाच्या केंद्रावर सॉफ्टवेअर आणि एक्सायटर दोन्ही असतील तर आजच जाऊन बघा. चढण एकाच ठिकाणी हवी आणि शेवटचा लिमिटर त्या चढणीच्या नंतर हवा. सॉफ्टवेअरमध्ये ५० ठेवलं तर एक्सायटरमध्ये शून्य. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा सगळा मजकूर लिहिला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी समितीला सांगून मी चार रात्री मागून घेतल्या, दहानंतरच्या. ठरवलं की सगळं शून्यापासून लावायचं, आणि मनोऱ्याकडून माइककडे यायचं. आपण सगळे नेहमी उलटं करतो. माइकचा गेन वाढवतो, मग फेडर, मग सॉफ्टवेअर, आणि शेवटी एक्सायटरवर जे येईल ते येईल. पण हद्द तर शेवटच्या टोकाला आहे. धरणाच्या सांडव्याची उंची आधी मोजायची, मग पाणी किती घ्यायचं ते ठरवायचं.

झोका मोजणारं मॉड्युलेशन मॉनिटर नावाचं यंत्र आमच्याकडे नाही, परवडतही नाही. एक्सायटरची दिव्यांची पट्टी खरं सांगते की नाही हे ताडून बघायला काहीच नव्हतं. पण त्यावर एक जुना, फार सुंदर उपाय आहे आणि त्याला लागतो फक्त एक शुद्ध सूर आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेवर किती शक्ती आहे ते, दाखवणारं काहीतरी. माझ्याकडे कॉम्प्युटरला लावायची अंगठ्याएवढी एसडीआर स्टिक, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा छोटा रेडिओ, होती, तिनं काम भागलं.

उपाय असा. एकाच सुरानं लहर झुलवली की मधली मूळ लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंना सुराच्या अंतरावर उभ्या राहिलेल्या पट्ट्या दिसतात. झोका वाढवत गेलं की मधल्या लहरीतली शक्ती बाजूंच्या पट्ट्यांत जाते, आणि एका नेमक्या जागी मधली लहर पूर्ण नाहीशी होते. तिथे झोका सुराच्या वारंवारतेच्या २.४०५ पट असतो. आणखी वाढवलं की ती परत उगवते आणि ५.५२० पटीला दुसऱ्यांदा मावळते. हे आकडे बेसेलच्या गणितातले. फ्रीड्रिख बेसेल हा खगोलशास्त्रज्ञ, १८३८ साली ताऱ्याचं अंतर मोजणारा. ग्रहांच्या हालचालींसाठी त्यानं मांडलेलं गणित माझ्या गच्चीखालच्या खोलीत उपयोगी पडावं, याचं मला त्या रात्री खरोखर भरून आलं.

७५ भागिले ५.५२० म्हणजे १३.५८७. म्हणून १३.५८७ किलोहर्ट्झचा सूर सोडायचा आणि मधली लहर दुसऱ्यांदा मावळेपर्यंत लेव्हल वाढवायची. ती मावळली की झोका बरोबर ७५ किलोहर्ट्झ. यात मीटरवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नाही, फक्त मोजायला चुकायचं नाही. पहिल्या मावळण्याला थांबलात तर झोका ३२-३३च असतो.

अँटेनाची केबल काढून तिच्या जागी डमी लोड, म्हणजे शक्ती बाहेर न सोडता जिरवणारा डबा, लावला, ताकद अगदी कमी केली. खोलीत जेवढं झिरपतं तेवढं स्टिकला पुरतं, जास्त आलं तर तीच गोंधळते आणि खोट्या पट्ट्या दाखवते. एक्सायटरचा स्टीरिओ पायलट, म्हणजे स्टीरिओ आहे हे रेडिओला सांगणारा खुणेचा सूर, बंद, प्रीएम्फसिस शून्य, पोटातला लिमिटर बंद. प्रसारणाच्याच कॉम्प्युटरमधून, सॉफ्टवेअरचं सगळं घडवणं बाजूला ठेवून, सूर सोडला. स्टुडिओतला शिकाऊ पोरगा खाली लेव्हल वाढवत होता आणि मी वर पडद्याला डोळे लावून फोनवर सांगत होते. "वाढव. अजून. थांब. गेली. ही पहिली. परत आली, वाढव, हळू, अर्ध्या-अर्ध्यानं... थांब." मध्ये एक काळी फट आणि दोन्ही बाजूंना दिवाळीच्या पणत्यांसारख्या ओळीनं पट्ट्या.

तेव्हा एक्सायटरची पट्टी ८८ दाखवत होती. म्हणजे ती शंभर दाखवायची तेव्हा खरा झोका ८५ किलोहर्ट्झ होता. मी वर्षभर तिला शंभराला चिकटवून ठेवलं होतं. आता हिशेब लागला, वस्त्यांवर आवाज का फाटत होता त्याचा. खात्रीसाठी ८.६६७ किलोहर्ट्झचा सूर लावला आणि तिसऱ्या मावळण्यापर्यंत गेले, लेव्हल तीच आली. ती लेव्हल मी मार्करनं खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवली आहे, कारण वही हरवते, भिंत हरवत नाही.

मग सॉफ्टवेअरच्या शेवटच्या लिमिटरचं छत त्या लेव्हलच्या केसभर खाली बांधलं. एक्सायटरचा लिमिटर बंदच ठेवला, मिक्सरचाही. चढण फक्त सॉफ्टवेअरमध्ये.

स्टीरिओचा निर्णय मी त्याच रात्री घेतला आणि दुसऱ्या दिवशी समितीपुढे मांडला. आमचे ऐकणारे बहुतेक एकाच स्पीकरवर ऐकतात. ट्रॅक्टरवरचा डबा, पानटपरीवरचा रेडिओ, नाहीतर मोबाइलला हेडफोनची वायर अँटेना म्हणून खुपसून स्पीकरवर लावलेला. स्टीरिओचा १९ किलोहर्ट्झचा पायलट झोक्यातला आठ-दहा टक्के हिस्सा खातो, आणि क्षीण लहरीत स्टीरिओमुळे खरखर वीसेक डेसिबलनं वाढते. ओव्या, हवामान, बाजारभाव, पाळणाघराची माहिती, यातलं काय दोन स्पीकरांतून ऐकायचंय? समितीत अर्धा तास चर्चा झाली. मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांना एकच आवाज, हे मागे जाणं, असं एकाला वाटत होतं. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर गाडीवर. शेवटच्या वस्तीवरच्या शाळेजवळ उभं करून फोनवरून पायलट बंद करायला सांगितला. खरखर पडदा ओढल्यासारखी गेली. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

आता मावशींच्या जात्याचं.

ती उसळी लिमिटरची नव्हती, त्याच्या आधीच्या एजीसीची होती. एजीसी म्हणजे आपोआप लेव्हल सांभाळणारा. एखादा पाहुणा हळू बोलला तर त्याला उचलतो, मोठ्यानं बोलला तर उतरवतो. चांगला गडी आहे, पण त्याला शांतता कळत नाही. कुणी बोलायचं थांबलं की त्याला वाटतं, आवाज हळू झाला, चला उचला, आणि तो मागे जे काय असेल ते उचलतो. पंखा, कोंबडा, रस्त्यावरची एसटी, जातं. मी निवडलेला तयार साचा गाण्यांच्या स्टेशनासाठी बनवलेला होता, त्यात तो फार चटकन उचलत होता. गाण्यांत शांतता नसतेच, त्यामुळे तिथे खपतं. आमच्याकडे शांतता पुष्कळ असते. शेतकरी विचार करून बोलतो. म्हातारी आठवून बोलते. ओवीत दोन ओळींच्या मध्ये जात्याचा एक पूर्ण फेरा असतो.

दोन गोष्टी केल्या. एक, उचलण्याचा वेग खूप मंदावला. एक माणूस बोलायला लागल्यापासून काही सेकंदांनी हळूहळू उचल व्हावी, श्वासाश्वासाला नव्हे. दुसरी, गेट. आवाज एका पातळीच्या खाली गेला की एजीसीनं जिथे आहे तिथेच थांबायचं, उचलायचं नाही. ती पातळी कुठे ठेवायची हे मीटर सांगत नाही. मी मावशींची फाईल लावली आणि तासभर गेटचा आकडा वरखाली केला. फार वर ठेवला तर हळू बोलणारे उचललेच जात नाहीत, फार खाली ठेवला तर जातं परत उसळतं. शेवटी मावशींच्या सगळ्यात हळू ओळीच्या थोडं खाली आणि जात्याच्या थोडं वर अशी जागा सापडली. दोन्हींतलं अंतर फार नाही. त्या ओसरीवर मी रेकॉर्डर आणखी वीतभर पुढे ठेवला असता तर ते अंतर वाढलं असतं. हेही शिकले.

सगळं लावून झाल्यावर साध्या बोलण्याला शेवटचा लिमिटर तीन-चार डेसिबल हलतो, मोठ्यानं हसलं तर सहा. बऱ्याच वेळा तो नुसता उभा असतो. असाच तो हवा.

यानंतरचं काम यंत्राचं नव्हतं आणि ते जास्त अवघड होतं. आमच्या निवेदिका सात. कुणी माइकला ओठ लावून बोलतं, कुणी हातभर लांबून. आधी लिमिटर सगळ्यांना रगडून सारखं करायचा, त्यामुळे कुणाला सवय लावायची वेळच आली नव्हती. आता फरक उघडा पडला. मी मिक्सरवर संदर्भाचा सूर लावून कॉम्प्युटरवर तो उणे १८ डेसिबलला बसवला, आणि सगळ्यांना सांगितलं की बोलताना टोकं उणे ९च्या वर जाऊ द्यायची नाहीत. आकडे दोघींनाच पटले. बाकीच्यांसाठी माइकच्या दांडीला लाल दोरा बांधला आणि तिथून चार बोटं तोंड, असा नियम केला. 'प' आणि 'फ' माइकवर सरळ सोडायचा नाही, जरा तिरपं बसायचं. एक जण रागावली, "आम्ही काय नव्या आहोत का?" म्हणाली. तिला तिचंच जुनं आणि नवं रेकॉर्डिंग रेडिओवर लावून ऐकवलं. आता ती नव्या पोरींना दोरा दाखवते.

बाहेरून येणाऱ्या फायलींचा त्रास वेगळा. जाहिराती आणि जनजागृतीचे संदेश आधीच इतके आवळलेले असतात की त्यांची टोकं छताला टेकलेली. मीटरवर आमच्या निवेदिकेइतकीच उंची दिसते, पण कानाला दुप्पट मोठ्या लागतात, कारण त्यांत दऱ्याच नसतात, नुसतं पठार. टोकं सारखी केली म्हणून आवाज सारखा होत नाही. आता प्रत्येक फाईल सरासरी मोठेपणानं, म्हणजे उणे २३ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून मगच वाजवायच्या यादीत जाते. एका जाहिरातदारानं विचारलं की आमची जाहिरात हळू का झाली. मी सांगितलं, ती कार्यक्रमाएवढीच झाली आहे. पटलं की नाही माहीत नाही, पण जाहिरात चालू आहे.

जीपमध्ये आता आमचं स्टेशन शहरातल्यापेक्षा पुन्हा जरा बारीक लागतं. समितीतले ते ज्येष्ठ म्हणालेच. मी त्यांना म्हटलं, काका, जीपमध्ये आवाजाचं बटण आहे, तुम्ही वाढवू शकता. फाटलेला शब्द शिवायचं बटण मात्र कुठल्याच रेडिओला नाही. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या घरी त्यांच्या आई ऐकतात, आईंनीच काकांना आधी सांगितलं होतं की बाजारभाव आता नीट कळतो.

पंधरा दिवसांनी, लाडू घेऊन, मावशींकडे गेले. ओव्या लागायच्या वेळेलाच गेले. त्यांचा रेडिओ देवळीत ठेवलेला असतो. त्या चुलीपुढे बसून ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या ओवीला त्यांनी हात वर केला, थांब म्हणून, आणि नातीला म्हणाल्या, "ह्यो बघ माझा दम लागलेला ऐकू आला." मग माझ्याकडे वळून, "हे काढून टाकता येतं का गं?" मी म्हटलं, येतं, पण मी काढणार नाही. त्या हसल्या आणि भाकरी थापायला घेतली.

टाळांचं मात्र अजून जमलेलं नाही. गेल्या सप्त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळकरी महाराजांच्या माइकच्या अगदी मागे उभे आहेत. टाळ पडला की ती चढण, मग लिमिटर खाली येतो आणि टाळाबरोबर महाराजांचा शब्दही खाली ओढतो. वरच्या पट्टीसाठी वेगळा लिमिटर लावून पाहिला, त्यानं शब्द वाचतो पण टाळ पत्र्याच्या डब्यासारखा बद्द वाजतो. दोन्ही धड नाहीत. यंदा सप्त्याच्या आदल्या दिवशीच जाणार आहे आणि विणेकऱ्यांना विनंती करणार आहे की टाळकऱ्यांची ओळ दोन हात मागे घ्या. महाराजांसाठी एक माइक, टाळ-मृदंगासाठी एक लांबून. आप्पांनी येतो म्हणून सांगितलंय. दुसरा माइक कुठे टांगायचा ते तेच ठरवतील, मंडपाचे खांब त्यांना पाठ आहेत.